बागेचं विचारा: रत्नागिरीचा सल्ला निफाडला चालेल का?

प्रश्न: ताई नमस्कार, मिस्टरांची बदली झाली म्हणून ऑक्टोबरात आम्ही डोंबिवलीहून निफाडला आलो, टेंपोत सामान कमी आणि माझ्या कुंड्याच जास्त. डिसेंबर लागला आणि कढीपत्ता पिवळा पडून गळायला लागला, अडेनियम तर पार बोडकं झालंय. रत्नागिरीची बहीण म्हणते पाणी कमी पडतंय, रोज घाल. नागपूरच्या जाऊबाई म्हणतात पाणी तोड आणि झाकून ठेव. फॅमिली ग्रुपवर रोज हाच विषय. खरं कुणाचं?
– एक वाचक, निफाड

उत्तर: दोघींचंही खरं, पण आपापल्या गावापुरतं! बहिणीच्या दारात समुद्र आहे, तो दिवसाची ऊब रात्री परत देतो, त्यामुळे रत्नागिरीत जानेवारीतही पहाटे साधारण १८-१९ अंश असतं, तेवढ्यात कढीपत्त्याला थंडी आली हेसुद्धा कळत नाही. तुमच्याकडे समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, मग सूर्य मावळला की जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते आणि पारा कधीकधी ५ च्याही खाली येतो, पेपरात निफाडचं नाव दर हिवाळ्यात असतं ते उगाच नाही. नागपूरचा गारठा तुमच्या जवळचा, म्हणून यावेळी जाऊबाईंचं ऐका (बहिणीला हे दाखवू नका).

अजून एक गंमत. पेपरातला तापमानाचा आकडा जमिनीपासून चारेक फुटांवरच्या, हवामान केंद्राच्या झडपांच्या लाकडी पेटीतला असतो. तुमची कुंडी उघड्या गच्चीवर फरशीला टेकलेली, तिथे त्याहून थंड. शिवाय थंड हवा जड, ती उतारानं खाली जाऊन खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दवाचे हिमकण होतात आणि वर गावात नुसती हुडहुडी, ते यामुळेच.

आता आधी झाडं जिवंत आहेत का बघा. अडेनियमचं फुगलेलं बूड अंगठ्यानं दाबा, कडक लागलं तर ते झोपलंय, पानं गेली तरी बिघडत नाही. पिलपिलीत लागलं तर कुजतंय. मी एकदा असंच बोडकं झाड बघून कळवळून रोज तांब्याभर पाणी घातलं आणि पंधरा दिवसांत बुडाचा लगदा झाला, तेव्हापासून आधी अंगठा मग तांब्या. कढीपत्त्याची साल नखानं जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं की काळजी नाही.

कुंड्या दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला चिकटवा, तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी, तेही उन्हं वर आल्यावर, संध्याकाळी नको. अडेनियमला मात्र जवळजवळ बंदच. खत आत्ता अजिबात नाही. रात्री जुनी सुती साडी टाका, प्लास्टिक पानांना टेकलं तर तिथेच करपतं, आणि सकाळी आठवणीनं काढा. शेजारचे द्राक्षवाले पहाटे ड्रिप सोडताना दिसतील, शेकोट्याही पेटवतात, ते बघून पाणी घालायला धावू नका हं! विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते, तो हिशेब बागेतल्या वेलींचा, कुंडीत झोपलेल्या अडेनियमचा नाही.

आणि या थंडीला नुसत्या शिव्या घालू नका, शेवंती, पिटुनिया, गुलाब, कुंडीतला मटार तुमच्याकडे असा येईल की बहीण बघत राहील. तिलाही थंडी हवीच आहे म्हणा, आंब्याच्या मोहरासाठी, फक्त ढगाळ नको, नाहीतर तुडतुडे (मोहराचा रस शोषणारे किडे) आणि भुरी (पांढरी बुरशी) आलीच.

कढीपत्त्याची छाटणी फेब्रुवारीअखेर, ऊन तापायला लागलं की करा, मग थोडं शेणखत द्या, नवी पालवी फुटेल. तोवर फोडणीला बाजारातनं आणा.