‘अटक नव्हतीच, चौकशीला बोलावलं होतं’

प्रश्न : वकीलताई, माझ्या धाकट्या भावाला शनिवारी संध्याकाळी सातला साध्या वेशातले दोन पोलीस ‘पाच मिनिटं चौकशी आहे’ म्हणून घेऊन गेले. तो कामाला आहे त्या दुकानातली रोकड गेली होती. सोडलं ते सोमवारी सकाळी दहाला. तळपायांवर पट्ट्याने मारलं, न वाचू देता एका कागदावर सही घेतली. चोर दुसराच निघाला. घरचे म्हणतात, सुटला ना, आता गप्प बसा. मला पोलिसांवर दावा लावायचा आहे. लावता येईल का? – एक बहीण

उत्तर : लावता येईल. पण आधी भावाला सरकारी दवाखान्यात न्या, आजच. मार कोणी दिला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगू दे आणि केस पेपरवर तसं लिहून घ्या. ‘पडलो’ म्हणाला तर पुढे तेच वाक्य त्याच्या अंगावर येईल. तळपायाचे वळ आठवड्याभरात दिसेनासे होतात, म्हणून फोटोही काढून ठेवा.

शनिवारी सात ते सोमवारी दहा म्हणजे 39 तास. राज्यघटनेच्या कलम 22 प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. मध्ये रविवार होता ही सबब चालत नाही, सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी मॅजिस्ट्रेट असतात. त्यामुळे पोलीस वेगळंच सांगतील : अटक नव्हतीच, चौकशीला बोलावलं होतं, जबाब देऊन तो तासाभरात घरी गेला. ती सही बहुधा त्यासाठीच घेतली असावी.

म्हणजे तुमची सगळी लढाई त्या 39 तासांची आहे. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत ठाण्याच्या डायरीत त्याला रात्री नऊला सोडल्याची नोंद होती. त्याच्या आईने मात्र पावणेबाराला भावाला व्हॉट्सअॅप केलं होतं : ‘बाहेर बाकावर बसलेय, अजून सोडलं नाही.’ उलटतपासणीत अंमलदारांना त्यावर उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडेही असं काही असेलच, फोन पुसू नका. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवावं म्हणून पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे चित्रीकरण 18 महिने ठेवायला सांगितलं आहे. कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद होता, हेही ऐकायची तयारी ठेवा.

आता मुदत. सरकार आणि अधिकाऱ्यांवर दिवाणी दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मध्ये दाव्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे. कोठडीतली मारहाण हे पोलिसांचं कर्तव्य नव्हे, म्हणून तिला या कलमाचं संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये आत्माराम खटल्यात म्हटलं. तरी त्या भरवशावर राहू नका. नोटीस याच महिन्यात जाऊ दे.

कागद भक्कम असतील तर उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्क मोडल्याबद्दलची याचिका) करून थेट भरपाईही मागता येते. निर्दोष सुटल्यावरही 14 वर्षं तुरुंगात राहिलेल्या रुदुल साहला 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 35,000 रुपये दिले. नीलाबती बेहेरा यांना मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल 1993 मध्ये दीड लाख. आकड्यांकडे पाहून हुरळून जाण्यासारखं काही नाही. पण राज्याला भरपाई टाळता येत नाही, हे या निकालांनी ठरवलं. दिवाणी दाव्यात मागाल त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते आणि वर्षं जातात. राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करायला ना फी, ना वकील, मात्र वर्षाच्या आत. मी असते तर तो अर्ज आधी केला असता.

घरच्यांची भीती खोटी नाही. ठाण्यातून ‘मिटवून टाका’ असा निरोप येईल, कदाचित ओळखीच्याच माणसाकडून. त्याच्याशी भांडू नका. तारीख, वेळ आणि कोण आलं होतं, एवढं वहीत लिहून ठेवा आणि ती वही नोटिशीच्या वेळी वकिलाकडे द्या.