चित्र त्यांचंच राहू दे

अगं, तुझा मेसेज वाचला. शाळा सुटलेल्या, पोलिसांच्या नजरेत आलेल्या पोरापोरींसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू करतेयस, खूप बरं वाटलं. पण तू पाठवलेला अभ्यासक्रम, म्हणजे शेडिंग, पर्स्पेक्टिव्ह, रंगचक्र वगैरे, तो चांगलाय तरी सध्या बाजूला ठेव. या पोरांना विचारून फार कमी गोष्टी झाल्यात गं, कुठे राहायचं, कुणाकडे राहायचं, सगळं दुसऱ्यांनीच ठरवलेलं, तर तुझ्या वर्गात निदान समोरचा कागद तरी पूर्ण त्यांचा असू दे. त्यांच्या चित्राला हात लावायचा नाही. "दे इकडे, नीट करून देते" हे तर अजिबातच नाही, दाखवायचंच असेल तर शेजारी दुसरा कागद घे आणि त्यावर दाखव.

फ्रिडल डिकर-ब्रँडिस या चित्रकर्तीबद्दल जरूर वाच. टेरेझिनच्या नाझी छळछावणीत १९४२ ते १९४४ या काळात ती मुलांना चित्रकला शिकवायची, कागद म्हणजे हाताला लागेल तो, ऑफिसातले वापरलेले फॉर्मसुद्धा, तरी चित्रावर मुलांनी स्वतःचं नाव घालायचंच हा तिचा आग्रह. तिथे प्रत्येकाला ट्रान्सपोर्ट नंबर, म्हणजे छावणीत आणताना दिलेला कैद्याचा नंबर, चिकटवलेला होता, म्हणून मला तो आग्रह फार मोठा वाटतो. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं, मागे दोन सूटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रं राहिली, आणि त्यातली कितीतरी कुणी काढली हे आज कळतं ते त्या नावांमुळे. तुझ्या वर्गातही सही चित्र काढणाराच करेल, खरं नाव नको असेल तर टोपणनाव चालेल. फोटो टाकायचा तर विचारून, आणि ज्याची केस चालू आहे त्याचा चेहरा किंवा नाव कुठेच नाही, देणगीदाराने कितीही आग्रह केला तरी.

अजून एक, त्यांना आधीच जे येतं तिथून सुरुवात कर. कुणी वहीभर टॅटूची डिझाइन्स काढतो, कुणी भिंतीवर स्वतःचं नाव इतकं झकास लिहितो की लेटरिंग वेगळं शिकवायची गरजच नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९८४ मध्ये शहराने ग्राफिटीविरुद्ध मोहीम काढली आणि जेन गोल्डन या चित्रकर्तीला भिंती रंगवणाऱ्या त्याच पोरांसोबत कामाला लावलं, त्यातून शहरभर म्युरल्स, म्हणजे मोठी भित्तिचित्रं, झाली, ते काम आजही चालू आहे. पोरांचा हात तोच, फक्त भिंत हक्काची मिळाली.

सामानात खोडरबर ठेवू नकोस, पोरं खोडत बसतात आणि शेवटी कागद चुरगळतात. चारकोल दे, मोठे कागद दे. माती तर हवीच, बिघडलं की दाबून परत गोळा करता येतो आणि ज्याला एका जागी बसवत नाही त्याच्या हातांना काम मिळतं. कटर मोजून द्यायचे मोजून घ्यायचे, सगळ्यांसमोर, सगळ्यांसाठी एकच नियम, म्हणजे संशय कुणा एकावर येत नाही.

चित्राचा अर्थ लावू नकोस हं. काळा रंग जास्त वापरला म्हणजे पोरगं दुःखी, असलं काही नसतं, कधीकधी बाकीचे खडू संपलेले असतात. "यात काय चाललंय, सांगतोस का?" एवढंच विचार, नाही बोलला तर नाही. पण कुणी मारहाणीचं, अत्याचाराचं सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नकोस. शांतपणे ऐक, सुरक्षेसाठी कुणाला सांगावं लागेल ते त्याला आधी सांग, आणि त्याच दिवशी संस्थेतल्या जबाबदार माणसाशी बोल. हा माणूस कोण ते वर्ग सुरू व्हायच्या आधी ठरवून घे.

आणि वार, वेळ बदलू नकोस. दोनच पोरं आली तरी पूर्ण वेळ वर्ग घे, बाकीची लांबून बघत असतात ही बाई टिकते का. सामानाची यादी खरेदीआधी पाठव, ब्रश जरा जास्तच घेतेयस असं वाटतंय.