कॅमेऱ्याच्या लेन्सच्या पुढे लावायचं वाइड-अँगल (जास्त रुंद दृश्य टिपणारं) आणि मॅक्रो (लहान वस्तू अगदी जवळून टिपणारं) अटॅचमेंट घ्यावं का?

मॅक्रोसाठी घ्या, वाइडसाठी नको. ०.४५ एक्सचा वाइड कन्व्हर्टर, म्हणजे या अटॅचमेंटचा वाइड-अँगल भाग, १८ मिमीच्या लेन्सला कागदावर ८ मिमी करतो खरा, पण कोपरे काळे पडतात आणि कडा धूसर होतात. मी एकदा लावून पाहिला नि काढून ठेवला.

त्याच्याच मागचा भाग बहुधा फिरवून सुटतो, तो एकटा लावला की क्लोज-अप भिंग. क्लोज-अप भिंगाचं गणित सोपं: +४ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप) असेल तर लेन्सचा फोकस अनंतावर असताना २५ सेंमीवरची वस्तू स्पष्ट दिसते, +१० ला १० सेंमी. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान, एफ/८ ते एफ/११ ठेवा, कारण इतक्या जवळून स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती, फारच कमी मिळते. घेण्याआधी लेन्सवर Ø चिन्हापुढचा आकडा बघा, आटे तेवढ्याच मापाचे हवेत.