आधी मास्टर, मग तारीख

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज पुन्हा वाचला. दिवाळीत अल्बम येणार म्हणून पोस्टर फिरतंय आणि आठपैकी दोन गाण्यांची कडवी अजून लिहायची आहेत. ड्रमर म्हणतो ड्रम्स पुन्हा घेऊ, गिटारवाला म्हणतो एडिटमध्ये बघू, आणि कोणाचं ऐकू असं तू विचारतोस. ड्रमरचं ऐक. पोस्टर उतरव. मास्टर, म्हणजे गाण्यांची अंतिम तयार फाइल, हातात आल्याशिवाय तारीख नाही.

तारीख आधी जाहीर झाली की वेळ कुठून कापला जातो? जॅमरूमचे तास कोणी कमी करत नाही, स्टुडिओचे पैसे भरलेले असतात. कात्री लागते मिक्सला, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवण्याला, आणि मास्टरिंग, म्हणजे त्यावरचा शेवटचा हात, एका रात्रीत उरकलं जातं. ऐकणाऱ्याच्या कानात पोचतं ते मात्र नेमकं हेच.

ड्रम्स पुन्हा घेणार असाल तर आदल्या दिवशी नवी हेड्स, म्हणजे ड्रमवरचे पडदे, चढवून ताणून ठेवा. नव्या हेडचा सूर उतरतोच, तो टेक चालू असताना उतरायला नको. ड्रम्सच्या वर टांगलेले दोन्ही ओव्हरहेड माइक स्नेअरच्या (कडक वाजणाऱ्या मुख्य ड्रमच्या) मध्यापासून सारख्या अंतरावर, दोरी लावून मोजा. अंतर चुकलं की स्नेअर एका माइकमध्ये आधी आणि दुसऱ्यात नंतर पोचतो, दोन्ही एकत्र ऐकल्यावर पोकळ लागतो, आणि मग कितीही ईक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायचं साधन) फिरवा, तो भरत नाही. शिवाय गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. तुमची खोली पेठेत आहे. ढोलाचा खालचा आवाज भिंतीतून येतो, फोमने तो अडत नाही. फोम फक्त खोलीच्या आतला घुमार कमी करतो. संध्याकाळ सोडा, सकाळी टेक घ्या. एडिटमध्ये ठोके जागेवर सरकवता येतात, स्नेअरचा आवाज दुरुस्त होत नाही. ड्रमर हेच सांगतोय.

गिटारला पावसाळ्यात मान हलण्याचा त्रास असतोच. नव्या तारा लावल्यावर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून येणारा सूर) आणि दाबलेला सूर एकच येतो का पाहा, नाहीतर कोरसमधल्या वरच्या कॉर्डला सगळं बेसूर. डिस्टॉर्शनचा, म्हणजे फाटक्या खरखरीत आवाजाचा, टोन कितीही आवडला तरी शेजारी कोरडा डीआय ट्रॅक (गिटारचा थेट, इफेक्टशिवायचा आवाज) घ्या, म्हणजे टोन नंतर बदलता येतो.

आता शब्द. मराठी रॉकवर सगळ्यात जास्त तक्रार हीच, की गायक काय म्हणतोय ते कळत नाही. व्यंजनं ओळखू येतात ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि डिस्टॉर्शनची गिटारही तिथेच ठाण मांडून असते. आवाज नुसता वर केला तर स्वर मोठे होतात, शब्द तसेच बुडालेले राहतात. गाणं चालू असताना गिटारमधून त्या पट्ट्यातले दोन-तीन डेसिबल काढा. भ, फ, ख यांचा श्वास माइकवर आदळतो. पॉप फिल्टर लावा, तोंड वीतभर लांब ठेवा, माइक किंचित तिरका. आणि ही सगळी मेहनत अर्धवट कडव्यांवर? आधी ती दोन गाणी लिहून पूर्ण करा. सभागृहात लोकांसमोर वाजवा, मग रेकॉर्ड करा.

मास्टरिंगला २४-बिट वेव्ह फाइल द्या, मास्टर बसवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला, लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) काढून. मोठ्या आवाजाचा हट्ट धरू नका. स्पॉटिफाय गाणी साधारण -१४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आणून वाजवतं. तुम्ही ठेचून -७ वर नेलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि ठेचण्यात गेलेला ठोका गेलेलाच राहतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, -१ डेसिबलच्या खाली. त्याच बैठकीत गायनाविना आवृत्तीही काढून घ्या. नंतर कोणी मालिकेसाठी मागितली की जुना सेशन उघडत नाही, प्लगइन बदललेले असतात.

तू म्हणशील, तारीख नसेल तर काम संपतच नाही. हे मला दरवेळी ऐकवलं जातं आणि मी दरवेळी तेच सांगतो, हट्टी म्हणा हवं तर. मुदत कामाला लावा: शब्द कधी संपणार, शेवटचा टेक कधी, मिक्स कधी. ती जॅमरूमच्या भिंतीवर चिकटवा. लोकांना सांगायची तारीख वेगळी, ती मास्टरनंतर. तुमची चाल कानात बसते, गायकाला दम आहे, म्हणून तर एवढा जीव तुटतो. घाईने ते वाया घालवू नका.

मास्टर आल्यापासून प्रकाशनापर्यंत किमान चार आठवडे मोकळे ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे अजून प्रकाशित न झालेलं, एका वेळी एकच गाणं पाठवता येतं, आणि प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी पाठवलं तरच ते फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या आठवडी यादीत) हमखास जातं. डिस्ट्रिब्युटरने, म्हणजे गाणी ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीने, कव्हर परत पाठवलं तर त्यात दिवस जातात. ते ३०००×३००० पिक्सेल, चौकोनी. बँडच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच, नाहीतर दुसराच आर्टिस्ट तयार होतो. भाषेच्या रकान्यात मराठी. वर्षभरात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय रॉयल्टी देत नाही, म्हणून खर्चाचा हिशोब त्यावर मांडू नका. लाँचचा गिग उघड्या जागेत असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद, हे धरूनच सेटलिस्ट करा.

राहिला कागद. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लेबलला करार करूनही हिरावून घेता येत नाही. पण चाल कोणाची, शब्द कोणाचे, हे कायदा तुमच्या खोलीत येऊन ठरवणार नाही. रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं चालतो. तोवर बँड असेल-नसेल. प्रत्येक गाण्यापुढे नावं आणि टक्के लिहा, मास्टर कोणाच्या मालकीचा तेही लिहा. शनिवारी चौघे प्रॅक्टिसला जमताय ना, तेव्हाच लिहा आणि सह्या झाल्या की फोटो मला पाठव. पोस्टर त्याआधी, आजच उतरव.