लहान मुलांबरोबर आयर्लंडच्या रानात एक दिवस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

एप्रिल संपत आला, दिवस मोठा व्हायला लागला, की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरांत मी चौदा वर्षं कुटुंबांना फिरायला नेते, त्यात मराठी घरं बरीच. विचारता हे चांगलंच करता. पण निम्म्या प्रश्नांच्या आधी ‘कुणीतरी सांगितलं की’ असतं, आणि मला काळजी वाटते ती त्या कुणीतरीची. म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्र उत्तरं देते.

ताई, आई पुण्याहून आली आहे. मुलं गवतात लोळली की तिला सापांची भीती वाटते. इथे साप असतात का?

आयर्लंडच्या रानात साप नाहीत. आईंना निर्धास्त बसू द्या. गवतात जपायचं ते दुसऱ्याच एका प्राण्याला, त्याबद्दल खाली लिहिलंय.

डब्लिनहून एका दिवसात क्लिफ्स ऑफ मोहर आणि गॉलवे, असं बसचं पॅकेज स्वस्तात मिळतंय. मुलं २ आणि ५ वर्षांची. घेऊ का?

नका घेऊ. डब्लिनहून मोहरला जायलाच तीन तासांच्या वर लागतात, यायला तेवढेच. जाहिरातीत कडे मोठे दिसतात, बसमध्ये बसायचे तास बारीक अक्षरांत असतात. दोन वर्षांच्या मुलाला एवढा वेळ सीटला जखडायचं आणि मग २१४ मीटर उंचीच्या कड्यावर त्याचं मनगट घट्ट धरून उभं राहायचं, यात त्याच्या वाट्याला काय आलं? शिवाय तिथली कड्यालगतची पायवाट २०२४ मध्ये अपघातांनंतर बरीचशी बंद करावी लागली. कधीही जा, कुठला भाग उघडा आहे ते निघण्याआधी अधिकृत सूचनेत बघा, आणि तिथेच क्लेअर काउंटीत एक रात्र मुक्काम करा.

माझा हिशोब असा: एका बाजूचा प्रवास घरातल्या सगळ्यांत धाकट्याच्या दुपारच्या झोपेपेक्षा लांब नको. डब्लिनकरांसाठी या हिशोबात विकलोमधलं तळ्यांचं ग्लेंडालॉक बसतं, न्यूग्रेंजही बसतं. न्यूग्रेंजचा दगडी ढिगारा म्हणजे ५,००० वर्षांहून जुनं थडगं आहे आणि आतली १९ मीटरची वाट पाच वर्षांच्या मुलाला गुहेसारखी वाटते. तिथे थेट गाडी नेता येत नाही, माहिती केंद्रातून त्यांच्या बसनेच जावं लागतं, म्हणून तिकीट आधी काढा.

आणि ‘मित्राच्या गाडीत मांडीवर घेऊन बसू’ हे मला पुन्हा विचारू नका. १५० सेंटिमीटरपेक्षा बुटकं आणि ३६ किलोपेक्षा हलकं मूल गाडीत योग्य सीटमध्येच हवं, हा इथला कायदा आहे. सीट नीट बसली आहे का, ते जाणकाराकडून तपासून घ्या.

बाबागाडी कुठे चालेल?

ग्लेंडालॉकला दोन तळ्यांच्या मधली ग्रीन रोड नावाची सपाट वाट. वॉटरफर्ड ते डंगार्व्हन हा ४६ किलोमीटरचा ग्रीनवे, जुन्या रेल्वेमार्गावरचा. सगळा करायचा नाही, किलमॅकथॉमसपाशी तासभर पुरे. ग्लेंडालॉकच्या वरच्या स्पिंक या डोंगरकड्यावरच्या फळ्यांच्या पायऱ्यांवर बाबागाडी नेऊ नका. नेलेली मी पाहिली आहे, आणि ती उचलून खाली आणायला मदतही केली आहे.

जायंट्स कॉजवेला जायचंय. सीमेवर कुणी तपासत नाही म्हणतात. आयरिश रेसिडन्स कार्ड आहे, चालेल ना?

चालणार नाही. कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये आहे. रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरवरून मैलावर येतात, तिथून तुम्ही ब्रिटनच्या हद्दीत असता. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो, आणि इथलं रेसिडन्स कार्ड म्हणजे तो व्हिसा नव्हे. भेटीला आलेल्या आजी-आजोबांच्या आयरिश व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा असेल, तर त्यांची गोष्ट वेगळी. तपासत नाहीत म्हणून लागत नाही असं नसतं. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, शेजाऱ्याला नको.

ग्लेंडालॉकहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मुलीच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली. सासूबाई म्हणाल्या रॉकेल लाव, मैत्रीण म्हणाली व्हॅसलीन, यजमानांनी जळती काडी टेकवायची असं वाचलं होतं. शेवटी ओढून काढली. आता आठवडा झाला, तिथे डाग दिसतोय. थोडे दिवस थांबून बघू का?

थांबू नका. आजच जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांना, फोन करा. गोचीड कुठे आणि कधी चावली, कधी काढली, डाग कधी दिसला, हे कागदावर लिहा. डागाभोवती पेनने रेघ ओढून फोटो काढा, म्हणजे तो पसरतोय का ते डॉक्टरांना कळेल.

आता बाकीच्यांसाठी सविस्तर, कारण दर उन्हाळ्यात हे घडतं आणि दर वेळी दोन-तीन दिवस वाया जातात. गावाकडे आपण गोचीड म्हशीच्या कानात किंवा कुत्र्याच्या मानेवर बघितलेली असते, फुगलेली, वाटाण्याएवढी. इथली मुलांना चिकटते ती बहुतेकदा पिल्लू असते, खसखशीच्या दाण्याएवढी. एका जूनमध्ये माझ्याबरोबर आलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या कानामागे, केसांच्या कडेला, काळा ठिपका होता. आई म्हणाली, तीळ असेल. मी भिंग धरलं, तर तिळाला पाय होते.

हरणं आणि मेंढ्या जिथे फिरतात, नेच्याची झुडपं आणि उंच गवत जिथे वाढतं, तिथे या बसलेल्या असतात. वसंतापासून शरदापर्यंत जास्त. उडत नाहीत, उडी मारत नाहीत. अंग घासलं की चिकटतात. काहींच्या अंगात लाइमच्या आजाराचे जंतू असतात. सगळ्यांच्या नसतात, आणि बहुतेक चाव्यांनंतर काहीही होत नाही. पण जंतू असलेली गोचीड जितका जास्त वेळ चिकटून राहील तितका धोका वाढतो. म्हणून पहिल्या चोवीस तासांचं मोल मोठं.

त्यामुळे घरी पोचलात म्हणजे सहल संपली असं धरू नका. आधी न्हाणीघरात मुलांचे कपडे उतरवा, चहा नंतर. केसांची मुळं, कानामागे, मान, काखा, बेंबी, जांघा, गुडघ्यामागची घडी, तान्ह्याच्या डायपरचं इलॅस्टिक, सगळीकडे उजेडात बघा आणि बोटही फिरवा, कारण दिसण्याआधी खडा लागतो. कपडे ड्रायरमध्ये कडक तापवून घ्या. मग स्वतःचं अंग बघा.

सापडली तर बारीक टोकाचा चिमटा त्वचेला अगदी लागून धरायचा आणि न पिळता, न झटकता, सरळ वर ओढायचं. साबणाने हात आणि जागा धुवायची. रॉकेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, जळती काडी यांतलं काहीही नाही. डिवचलेली गोचीड पोटातलं उलट चाव्यात ओकू शकते. म्हणजे जे टाळायचं तेच आपण करवतो. काडीने मूल भाजतं ते वेगळंच.

पुढचा महिनाभर जागेवर लक्ष ठेवा. पुरळ साधारण ३ ते ३० दिवसांत कधीही येतं, हळूहळू पसरतं आणि बऱ्याचदा खाजतही नाही. पुस्तकातल्या चित्रात गोऱ्या कातडीवर लालभडक कडं असतं. आपल्या सावळ्या अंगावर ते तसं दिसेलच असं नाही. जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखंही दिसतं. इथेच आपली मुलं मागे राहतात. ‘लाल नाही, म्हणजे लाइम नाही’ असं म्हणू नका, जीपीला दाखवा. पुरळ न येता ताप आला, मूल गळून गेलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं, तरी ताबडतोब. वेळेवर कळलं तर अँटिबायोटिकने हा आजार बरा होतो. सुरुवातीला रक्ततपासणी कोरी येऊ शकते, म्हणून परदेशी लॅबला रक्त पाठवणारी महागडी पाकिटं मागवू नका. कुठली तपासणी, कधी, हे डॉक्टर ठरवतील.

आणि गोचीड पळवायला म्हणून कॉलरला लावायचे ते आवाजाचे क्लिप, सुगंधी तेलाच्या मनगटपट्ट्या? त्यांच्या भरवशावर मुलाला नेच्यात सोडू नका. लांब पँट, पँटची टोकं मोज्यांत, वाटेच्या मधोमध चालणं. अंगाला लावायचं औषध हवं असेल तर मुलाचं वय सांगून फार्मासिस्टकडून घ्या.

वाटेवरची काळी बेरी करवंदासारखी दिसते. मुलांना खाऊ द्यावी का?

काटेरी वेलीवरची, दाण्यादाण्यांची ब्लॅकबेरी ऑगस्टनंतर खुशाल खा, कमरेपेक्षा उंचावरची तोडा, धुऊन घ्या. दुसरं कुठलंही फळ ओळखीशिवाय नको. जुन्या चर्चच्या आवारात यू नावाचं झाड असतं, त्याचं लाल फळ मोहात पाडतं आणि बी विषारी असतं. मुलाने काही खाल्लं तर फांदीचा तुकडा जपून ठेवा आणि डब्लिनच्या बोमाँट हॉस्पिटलमधल्या विषबाधा केंद्राच्या जनतेसाठीच्या लाइनला विचारा. ती सकाळी ८ ते रात्री १० सुरू असते. मूल सुस्तावलं किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सरळ ११२ या आपत्कालीन नंबरला फोन.

आम्ही मूळचे अलिबागचे. स्लायगोजवळच्या कोनी बेटावर ओहोटीत चालत जाता येतं म्हणे. कुलाबा किल्ल्यावर जातो तसंच ना?

तत्त्व तेच, पण इथलं पाणी गार आहे आणि अंतर लांब. वाळूत १४ दगडी खांब रांगेत आहेत. ते वाट दाखवतात, वेळ दाखवत नाहीत. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारी कुणी गेलं होतं हे तुमच्या कामाचं नाही. त्या दिवसाचं कोष्टक बघा, तिथल्या माणसाला विचारा, आणि पाणी चढायला लागायच्या बऱ्याच आधी परत निघा. मुलांचा वेग धरून हिशोब करा, तुमचा नव्हे. अडकलात तर ११२ ला फोन करून कोस्ट गार्ड मागा.

यलो वॉर्निंग असेल तर बेत रद्द करायचा का?

यलो असेल तर इशारा पावसाचा आहे की वाऱ्याचा ते मेट एरन या इथल्या हवामान खात्याच्या साइटवर वाचा. वाऱ्याचा असेल तर झाडीत आणि कड्यावर जाऊ नका. ऑरेंज, रेड असेल तर घरी. पावसात जीन्स घालू नका.

डिसेंबरच्या सुट्टीत दुपारी जेवून निघालो तर?

तेव्हा डब्लिनला चारनंतर लगेच सूर्य मावळतो. सकाळी दहाला वाटेवर असा, जेवण डब्यातलं. जंगलातल्या बऱ्याच पार्किंगना फाटक असतं आणि ते ठरल्या वेळी लागतं. मुलं पेंगुळलेली, गाडी आत कुलूपबंद, फोनला रेंज नाही, अशा कुटुंबासोबत मी अंधारात उभी राहिले आहे. फाटकावरची वेळ गाडी आत घालायच्या आधी वाचा.