प्रत्येक आकड्यामागे एक कागद

प्रश्न : मी फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. केलं आहे. वय २३. सांगली जिल्ह्यात आमची दोन एकर हळद असते. हळद पावडरचा उद्योग सुरू करण्यासाठी मी १८ लाखांचा प्रकल्प अहवाल तयार केला, पण बँकेत साहेबांनी दोन पानं उलटली आणि ‘सोबतची कागदपत्रं घेऊन या’ म्हणाले. कोणती, ते सांगितलं नाही. एक एजंट ‘पूर्ण फाईल’ करून देतो म्हणतो. बाबा म्हणतात, नाद सोड, नोकरी बघ. मी काय करू?

उत्तर :

तुझा अहवाल मी सगळा वाचला. मेहनत दिसते. पावडरची प्रक्रिया, आर्द्रता, चाळणी हा भाग तर फार चांगला उतरला आहे, कारण तो तू शिकली आहेस. आकड्यांची पानं मात्र अधांतरी आहेत आणि बँकेचा माणूस नेमका तिथेच थांबतो. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : हा आकडा कुठून आला? त्याला उत्तर देणारा कागद म्हणजेच ‘सोबतची कागदपत्रं’. म्हणून यादी शोधत फिरू नकोस. अहवाल समोर घे, लाल पेनाने प्रत्येक आकड्याला गोल कर आणि त्याच्यापुढे कोणत्या कागदावरून तो घेतला ते लिही. जिथे लिहिता येणार नाही, तिथे तुझं काम बाकी आहे.

कच्च्या मालापासून सुरुवात करू. तू लिहिलंस, ‘कच्चा माल घरचाच’. पहिल्या वर्षी ३० टन पावडर, २०० रुपये किलोने ६० लाखांची विक्री. तुमच्या दोन एकरांत ओली हळद २४ टन निघते, हेही तूच लिहिलं आहेस. शिजवून, वाळवून, पॉलिश केल्यावर ओल्या मालाचा साधारण पाचवा हिस्सा हातात राहतो, म्हणजे पाच टनांच्या आसपास. बाकीची २५ टन हळकुंडं सांगलीच्या मार्केट यार्डातूनच येणार. मग अहवालात तसं स्पष्ट लिही आणि सोबत आधार लाव : बाबांच्या नावाच्या गेल्या दोन-तीन हंगामांच्या आडतीच्या हिशेबपट्ट्या. घरात कुठेतरी पिशवीत असतीलच. त्यांवर वजन, दर, तारीख सगळं असतं. तुझा खरेदीचा दर त्यांच्याशी जुळला, की त्या पानावर वाद उरत नाही.

पण खरी अडचण पुढे आहे. हळदीची आवक जानेवारीनंतर वाढते आणि तीन-चार महिन्यांत बरीचशी उरकते. वर्षभर दळायचं तर माल त्याच काळात घेऊन ठेवावा लागतो आणि पैसा तिथे अडकतो. असा मालात आणि रोजच्या खर्चात फिरणारा पैसा म्हणजे खेळतं भांडवल. ते तू ५ लाख दाखवलं आहेस. लहान उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या शिफारशीवरून बँका जो ठोकताळा वापरतात, तो असा : अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल धरायचं, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के उद्योजकाचे. ६० लाखांच्या विक्रीला ते १५ लाख होतं. उलट ५ लाखांत २० लाखांचीच विक्री पेलते, म्हणजे १० टन पावडर. माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष १० टनांचंच दाखव. निम्मा माल घरचा, निम्मा यार्डातला. हा आकडा तुला सिद्ध करता येईल.

तसं केलंस की यंत्रांचं पानही बदलेल. तू धरलेला ताशी ५० किलोचा पल्व्हरायझर, म्हणजे दळण्याचं यंत्र, दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस चालला तर १२० टन दळतो. तुला त्यातले दहाच हवेत. बँक विचारणारच, एवढं मोठं यंत्र कशाला? लहान यंत्र घे, नाहीतर गावातल्या लोकांची हळद-मिरची दळून देण्याचं उत्पन्न वेगळं दाखव आणि त्याचा दर तुमच्या भागातल्या गिरण्यांमधून विचारून घे. यंत्राचं कोटेशन विक्रेत्याच्या लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह, तारीख आणि मुदत असलेलं हवं. करासकट रक्कम, वाहतूक, बसवण्याचा खर्च वेगवेगळा लिहून घे. दोन-तीन विक्रेत्यांची कोटेशनं घे. त्यांच्यातला फरक तुला समजावून सांगता आला पाहिजे. मोबाईलवर आलेला दरपत्रकाचा फोटो चालणार नाही. कर्जातला यंत्राचा पैसा सहसा थेट विक्रेत्याच्या खात्यात जातो, त्यामुळे बँक त्या विक्रेत्याचीही खात्री करते.

यंत्रं लहान झाली की कर्ज कमी होतं. आणि हप्त्याची जी रक्कम वर्षाला भरायची, तिच्या निदान सव्वा ते दीडपट पैसा उद्योगातून सुटताना दिसला पाहिजे. १८ लाखांच्या प्रकल्पात २० लाखांच्या विक्रीवर हे गणित ओढाताणीचं होईल. नवा ताळेबंद सीएकडून तपासून घे, पण मांडणी तुझीच असू दे.

विक्रीसाठी तू ‘स्थानिक बाजारात मोठी मागणी’ एवढंच लिहिलं आहेस. दहा-बारा किराणा दुकानदार, एखादी खानावळ, मसाला कांडप करणारा बचत गट यांच्याकडे नमुना घेऊन जा. महिन्याला किती किलो, कोणत्या पॅकिंगमध्ये, कोणत्या दराने घेऊ इच्छितो, एवढं त्यांच्या बिलबुकाच्या पानावर सहीशिक्क्यानिशी लिहून आण. ही काही पक्की ऑर्डर नसते, पण तू बाजारात फिरली आहेस हे त्यातून कळतं. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घे. आर्द्रता १० टक्क्यांच्या आत आणि रंगद्रव्य नियमाइतकं असल्याचा अहवाल दुकानदारालाही दाखवता येतो. आणि ‘जीआय मानांकन (भौगोलिक ओळख) असलेली सांगली हळद’ हे अहवालातले शब्द सध्या काढून टाक. हे मानांकन २०१८ मध्ये मिळालं हे खरं, पण पाकिटावर ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंद करावी लागते.

आता जागा. माझ्या अनुभवात गावाकडच्या प्रकरणांमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. शेड ज्या गटात घालायचं, त्याच्या सातबाऱ्यावर बाबांसोबत काका आणि आत्यांचीही नावं आहेत, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. बँकेसाठी ही ओझरती गोष्ट नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आठ-अ काढ. सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. सगळ्या सहधारकांची लेखी संमती लागेल, आणि त्याहून बरं म्हणजे तुझ्या नावे कर्जफेडीच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा. अकरा महिन्यांच्या करारावर सात वर्षांचं कर्ज कोण देईल? शेतजमिनीवर शेड उभं करण्याआधी तलाठी आणि तहसील कार्यालयात औद्योगिक वापराबद्दल विचारून घे. काका-आत्यांशी बोलणं बाबांनीच केलेलं बरं. ते अवघड वाटत असेल तर गावठाणातली एखादी बंद खोली बघ. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि ना-हरकत दाखला यांवर काम हलकं होतं. १० टनांना मोठं शेड लागतही नाही.

विजेच्या खर्चात तू विहिरीवरच्या मोटारीचं कनेक्शन धरलं आहेस. ते शेतीचं आहे, त्यावर उद्योग चालवता येत नाही. महावितरणकडे नव्या थ्री-फेज कनेक्शनची चौकशी कर, लागणारा भार सांग आणि मिळालेलं कोटेशन फाईलला लाव.

बाकीचे कागद सोपे आहेत : आधार, पॅन, पदवीचं प्रमाणपत्र, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, सिबिल अहवाल. फक्त नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे ना, ते आजच बघ. दुरुस्तीला वेळ लागतो. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नकोस. मात्र पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेतून अर्ज करायचा तर उद्योग नवा असावा लागतो, म्हणून कोणती नोंदणी केव्हा करायची हे आधी जिल्हा उद्योग केंद्रात विचार. त्या योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के, असे नियम आहेत. अनुदान लगेच हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत तुझ्या नावे ठेव म्हणून राहतं. पीएमएफएमई या अन्नप्रक्रियेच्या योजनेतही ३५ टक्के आहे, कमाल १० लाख, आणि स्वतःचा वाटा १० टक्के. तिथे कृषी विभागाने नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवालापासून बँकेपर्यंत मदत करतात. दोन्हीकडे चालू वर्षाचे नियम विचारूनच अर्ज भर.

तारणाची चिंता बाबांना आहे, ते समजतं. रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच्या कर्जाला सूक्ष्म-लघु उद्योगाकडून बँकेने तारण मागायचं नसतं, त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या सरकारी पतहमी निधीची हमी घेता येते. शेत गहाण पडेल ही भीती मनात असेल तर हे त्यांना शांतपणे सांग.

एजंटकडे जाऊ नकोस. त्याची फाईल जाड असेल, पण ‘हळकुंडं कितीने घेणार?’ असं शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, तर उत्तर तुलाच द्यायचं आहे. ते आकडे तुझे नसतील तर तू अडखळशील, आणि तुझ्यासारख्या मुलीने तिथे अडखळावं असं मला अजिबात वाटत नाही.

नोकरीबद्दल बाबांशी भांडू नकोस. पुढचे दोन महिने फाईलसाठी मागून घे. जागेचा प्रश्न सुटला आणि दुकानदारांनी लिहून दिलं, तर अर्ज कर. नाही सुटला, तर एखाद्या मसाला कारखान्यात खरेदी किंवा गुणवत्ता तपासणी विभागात एक पूर्ण हंगाम नोकरी कर. त्या नोकरीचा अनुभवदाखलाही पुढच्या अर्जाला जोडता येईल.

शाखेत जाताना मूळ कागद स्वतःकडे ठेव, प्रतींचे दोन संच ने, पहिल्या पानावर अनुक्रमणिका लाव आणि दुसऱ्या संचावर पोच घे. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी माग आणि ते पत्र मला पाठव.