फोटो संपादनासाठी कमी खर्चात लॅपटॉप घ्यायचा असल्यास सर्वांत आधी काय पाहावे?

सर्वांत आधी पडदा पाहावा. प्रोसेसरचा विचार त्यानंतर. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांची व्याप्ती मोजण्याचे जुने मानक) असे लिहिले असेल, तर तो पडदा एसआरजीबीमधील, म्हणजे वेब आणि बहुतेक पडद्यांसाठीच्या प्रमाण रंगश्रेणीतील, साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवतो. परिणामी त्यावर फिका दिसणारा लाल रंग आपण वाढवत नेतो आणि तोच फोटो चांगल्या मोबाइलवर पाहिला की चेहरे उन्हाने भाजल्यासारखे दिसतात. म्हणून आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा पडदा) आणि १०० टक्क्यांच्या जवळपास एसआरजीबी, यांबाबत तडजोड करू नये.

रॅम १६ जीबी असावी. बजेट अपुरे असेल तर ८ जीबीचे मॉडेल घेता येईल, मात्र रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली नसून तिच्यासाठी मोकळा स्लॉट आहे, याची खात्री आधीच करून घ्यावी, कारण एकाच फोटोत अनेक लेयर चढले की ८ जीबी लवकर अपुरी पडते. एसएसडी ५१२ जीबीची पुरे. जुन्या रॉ फाइली (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइली) बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड एआयच्या साहाय्याने नॉइज (फोटोतील दाणेदारपणा) काढताना बराच वेळ वाचवते, परंतु रंगदुरुस्ती आणि क्रॉपिंग एवढेच काम असेल, तर ते पैसे पडद्यावर खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.